ऑक्टोबरअखेर दोघांसाठी तीन रात्रींचे कॉटेज: लेक डिस्ट्रिक्ट की जवळपास कुठेतरी?

रानजाई (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. आम्ही दोघे दक्षिण इंग्लंडमधल्या रेडिंगला राहतो. लेक गेल्या महिन्यात विद्यापीठात राहायला गेली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच शाळेच्या सुट्ट्यांचे वेळापत्रक न पाहता बाहेर पडता येईल, असे लक्षात आले. तरीही निवडलेल्या तारखा नेमक्या सुट्टीला खेटूनच आल्या आहेत: शुक्रवार २३ ते सोमवार २६ ऑक्टोबर २०२६. याचे कारण असे की रविवारी २५ तारखेला कोजागरी आहे आणि ती यंदा मंडळाच्या सभागृहात ट्यूबलाइटखाली न करता उघड्यावर करावी, असे दोघांच्याही मनात आहे.

खेड्यातले छोटे कॉटेज हवे आहे. त्यात लाकडे जाळायचा स्टोव्ह असावा, दारातून बाहेर पडल्यावर गाडी न काढता चालायला जाता यावे आणि स्वयंपाकघर स्वतःचे असावे. नवऱ्याचा हट्ट लेक डिस्ट्रिक्टचा, म्हणजे इंग्लंडच्या वायव्येकडच्या तळ्यांच्या डोंगराळ प्रदेशाचा आहे. मला मात्र तीन रात्रींसाठी इतके अंतर तोडणे पटत नाही. गाडी दोघांनाही चालवता येते, पण दोन्ही बाजूंनी झुडपांच्या भिंती असलेल्या एकेरी रस्त्यांवर अंधारात चालवणे मला नकोसे वाटते. आपण काय सुचवाल? आणि आरक्षणापूर्वी मालकांना नेमके काय विचारून घ्यावे?

घाटवाट

आपल्या यजमानांना माझे पूर्ण अनुमोदन. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात लेक डिस्ट्रिक्टसारखी जागा इंग्लंडमध्ये दुसरी नाही. डोंगरउतारांवरचे ब्रॅकन नेचे तोवर पूर्ण तांबूस झालेले असते आणि त्याखाली तळ्याकाठी ओक व बर्च पिवळे पडू लागलेले असतात. लार्च हे झाड सूचिपर्णी असूनही पाने गाळते आणि ती गाळण्यापूर्वी सोनेरी होते. टार्न हाउजच्या तळ्याभोवतीची वाट पावणेदोन मैलांची आणि जवळजवळ सपाट आहे, त्यामुळे दमछाक न होता हे सगळे एका फेरीत पाहता येते. ते तळेही बरेचसे माणसाने घडवलेले आहे. एकोणिसाव्या शतकात बांध घालून लहान तळी एकत्र केली गेली. पुढे बालसाहित्यिका बीअट्रिक्स पॉटर यांनी तो परिसर विकत घेतला आणि तळ्याचा भाग नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे सोपवला, म्हणून तो आजही मोकळा राहिला आहे.

अंतराचा बाऊ करू नये. पुण्याहून कोकणात जाताना आपण तास मोजतो का?

केंडलकर

मी लेक डिस्ट्रिक्टच्या उंबरठ्यावरच राहतो, तेव्हा माझ्यावर इथल्या निसर्गाचा द्वेष केल्याचा आरोप कोणी करणार नाही, अशी आशा आहे. तरीही घाटवाट यांच्याशी मी सहमत नाही.

रेडिंगहून लेक डिस्ट्रिक्टमधले अँबलसाइड अडीचशे मैलांहून अधिक आहे. शुक्रवारी, तेही बहुतेक ठिकाणच्या शाळांना सुट्टी लागते त्या दिवशी, एम ६ महामार्गावर बर्मिंगहॅम आणि मँचेस्टरच्या आसपास गाड्या मुंगीच्या गतीने सरकतात. दुपारी दोनला निघालात तरी ३६ क्रमांकाच्या फाट्यावर उतरेपर्यंत रात्रीचे आठ वाजू शकतात. सूर्यास्त सहाच्या आत झालेला असतो. म्हणजे रानजाईताईंना जे नकोसे वाटते, अगदी तेच त्यांना अनोळखी रस्त्यांवर आणि बहुधा पावसात करावे लागणार. सोमवारी सकाळी दहाला कॉटेज रिकामे करायचे असते. हाती उरतात शनिवार आणि रविवार, आणि त्यातल्या रविवारी घड्याळे मागे गेल्यामुळे पाचच्या आत अंधार.

पावसाचे म्हणाल तर बॉरोडेलमधल्या सीथवेट या वाडीत वर्षाला सुमारे साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या महाबळेश्वरला तो याहून खूप जास्त पडतो, हे मान्य. पण महाबळेश्वरचा बहुतेक पाऊस चार महिन्यांत पडून मोकळा होतो, तर इथला बारा महिने पुरवून पुरवून पडतो. पाच-सहा रात्री असतील तर त्यातले दोन दिवस पावसाला देता येतात. दोनच दिवस असतील तर ती लॉटरी आहे.

पुणे_३०

इथे ऑक्टोबर हीट सुरू आहे. लाकडाच्या स्टोव्हची चर्चा वाचूनच घाम आला.

लेस्टरचे_नाना

मी श्रॉपशर सुचवतो. चर्च स्ट्रेटन हे छोटे गाव लाँग मिंड या डोंगरपठाराच्या पायथ्याशी वसलेले आहे. गावाला रेल्वे स्थानक आहे. हमरस्त्यावरून कार्डिंग मिल खोऱ्यात पायी पोहोचता येते आणि तिथून ओढ्याच्या कडेकडेने वर चढले की पठारावर हेदर आणि ब्रॅकनचे माळ पसरलेले दिसतात. लाँग मिंडची उंची ५१६ मीटर आहे, म्हणजे साठी ओलांडलेल्या आमच्यासारख्यांनाही ती जमते. माथ्यावर उभे राहिले की पश्चिमेला वेल्सच्या डोंगरांच्या रांगा एकामागून एक दिसत जातात. हिला हे ठिकाण लेक डिस्ट्रिक्टपेक्षा जास्त आवडले, कारण इथे कुणी काही ‘पाहायलाच हवे’ अशी यादी हातात देत नाही.

परतताना स्टोकसे येथील तटबंदीचा वाडा पाहावा. लडलोच्या एका लोकरीच्या व्यापाऱ्याने तो तेराव्या शतकात बांधला. राजाचा नव्हे, व्यापाऱ्याचा वाडा असल्यामुळे त्यात लढाईपेक्षा राहण्याचा विचार जास्त दिसतो.

चहाबाज

नाना, श्रॉपशर उत्तमच, परंतु रेडिंगच्या माणसांना कॉट्सवोल्ड्स सोडून इतर काही सुचवणे मला पटत नाही. दीड तासात पोहोचता येते. टेटबरीजवळ वेस्टनबर्टचे वृक्षोद्यान आहे, तिथे जपानी मेपल ऑक्टोबरात अक्षरशः पेटलेले असतात. मधाच्या रंगाच्या दगडाची घरे, गवताने शाकारलेली छपरे, कोपऱ्यावर चहाचे दुकान. दोघांना आणखी काय हवे?

लेस्टरचे_नाना

चहाबाज, दोघांना एकांत हवा असतो. वेस्टनबर्टला रंगांच्या दिवसांतील शनिवार-रविवारी जी गर्दी असते, तीत एकांत शोधणे म्हणजे चतुर्थीला सारसबागेत बाक शोधणे होय. बायबरीच्या आर्लिंग्टन रोसमोर फोटो काढायलाही रांग असते. चौदाव्या शतकातली ती इमारत बिचारी लोकर साठवायला बांधली होती.

ओक_आणि_वड

पेशाने मी वनस्पतिशास्त्राशी संबंधित आहे, म्हणून एक मुद्दा मांडतो, जो अशा चर्चांमध्ये बहुधा निसटतो. ‘रंग’ हा सगळीकडे एकाच आठवड्यात येत नाही. दिवस लहान होऊ लागले की झाड पानातले हरितद्रव्य मोडून त्यातले नत्र परत खोडाकडे ओढून घेते. त्यामुळे पानात आधीपासून असलेला पिवळा रंग उघडा पडतो. लाल रंगाचे तसे नाही. तो बहुतांशी त्याच काळात नव्याने तयार होतो आणि त्यासाठी स्वच्छ ऊन व थंड, पण कडाक्याच्या नसलेल्या, रात्री लागतात. ब्रिटनमधली मूळची झाडे मुख्यतः पिवळी, सोनेरी आणि तांब्याच्या रंगाची होतात. अमेरिकेच्या ईशान्येकडचे लालभडक डोंगर मनात धरून इथे फिरू नये.

वेस्टनबर्टचे मेपल साधारण ऑक्टोबरच्या मध्यावर भरात येतात, म्हणजे २४-२५ तारखेला त्यांतले काही ओसरलेले असू शकतात. बीच आणि ओक मात्र तेव्हा नुकते रंगू लागतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत टिकतात. टिकतात, ते वादळ आले नाही तर. एका रात्रीच्या दक्षिण-पश्चिमी वाऱ्याने उघड्या टेकडीवरचे बीच अर्धे रिकामे झालेले मी पाहिले आहेत, आणि त्याच सकाळी खालच्या खोल दरीतले बीच जसेच्या तसे होते.

म्हणून माझी सूचना अशी की ऑक्टोबरअखेर उघडे माळ किंवा उद्यान यांपेक्षा दाट झाडीची आडोशाची दरी निवडावी. रेडिंगहून सर्वांत सोयीची अशी दरी म्हणजे वाय नदीच्या खालच्या टप्प्यातली. चेपस्टोपासून मॉनमथपर्यंत नदी खोल वळणे घेत जाते आणि दोन्ही काठांवर बीच, ओक, अॅश आणि लहान पानांचे लाइम यांचे जंगल आहे. वेल्सच्या काठावरचा टिंटर्नचा मठ ११३१ साली स्थापन झाला. आज त्याचे छप्पर उरलेले नाही, पण भिंती व कमानी पूर्ण उंचीच्या आहेत आणि त्यांच्या रिकाम्या खिडक्यांतून पलीकडची झाडी दिसते. समोरच्या, म्हणजे इंग्लंडच्या, काठावरून ऑफाज डाइक या प्राचीन मातीच्या बांधाची पायवाट जाते. तिच्यावर ‘डेव्हिल्स पल्पिट’ नावाचा एक कातळ आहे, जिथून मठ, नदी आणि जंगल एकाच नजरेत येतात.

एम ४ ने सरळ जायचे आणि सेव्हर्नचा पूल ओलांडायचा, एवढाच रस्ता आहे. पुलाची पथकर वसुली डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाली आहे. दुपारी दोनला निघालात तर उजेडात, चार-साडेचारला कॉटेजच्या दारात असाल.

तिखटजाळ

जागेचा वाद आपण सगळे घालू शकतो, पण धागाकर्तीचा दुसरा प्रश्न कोणीच हाती घेतलेला नाही. खेड्यातले कॉटेज छायाचित्रात जितके गोड दिसते तितकेच प्रत्यक्षात जुने असते, हे मनात धरून पुढील गोष्टी आधी विचाराव्यात.

लाकडे किती मिळणार आणि पुढची कुठून आणायची, हे सर्वांत आधी. अनेक ठिकाणी पहिली टोपली भरलेली असते आणि तेवढीच असते. लाकूड वाळलेले असावे. ओलाव्याचे प्रमाण २० टक्क्यांपेक्षा कमी असेल तरच ते नीट जळते, नाहीतर खोलीत धूर आणि काचेवर काजळी. ज्यांनी कधी स्टोव्ह पेटवलेला नाही त्यांनी एवढे लक्षात ठेवावे की सुरुवातीला हवेची झडप पूर्ण उघडी ठेवायची, बारीक काटक्या आडव्या-उभ्या रचायच्या आणि जाड ओंडका त्यांनी चांगला पेट घेतल्यावरच ठेवायचा. आपल्याकडे चुलीपाशी बसलेल्या आजीला हे सांगावे लागत नाही. झोपण्यापूर्वी कार्बन मोनॉक्साइडचा गजर भिंतीवर आहे ना आणि तो चालू आहे ना, हे बटण दाबून पाहावे.

आता फोडणीचा विषय. अशा घरांत स्वयंपाकघर आणि बैठक यांच्यामध्ये बहुधा दार नसते, छत डोक्याला लागेल इतके खाली असते आणि धुराचा गजर नेमका शेगडीच्या तिरक्या रेषेत असतो. आम्ही उतरलो होतो तिथे मिरच्यांची फोडणी तडतडली आणि पुढची काही मिनिटे संपूर्ण वाडीला आमची भाजी कळली. मालक बाई समोरच्याच शेतघरातून धावत आल्या. त्यांनी आग पाहिली नाही, पण त्यांच्या पांढऱ्या ओट्यावर उमटलेले हळदीचे बोट पाहिले, आणि पुढे अनामत रकमेतून काही पौंड त्या बोटाखातर कापले गेले. तेव्हा फोडणी घरूनच करून न्यावी. लसणाची चटणी, मेतकूट, पिठल्यासाठी भाजून ठेवलेले बेसन आणि थालीपिठाची भाजणी एवढ्यावर तीन दिवस आनंदात जातात. तवा मात्र आपला न्यावा, कारण तिथला नॉनस्टिक तवा आधीच्या पाहुण्यांनी सुरीने खरवडलेला असतो.

मोबाइलला रेंज आहे का, हे विचारा. वायच्या दरीत अनेक ठिकाणी ती नसते. किल्लीच्या पेटीचा अंक, मालकांचा फोन आणि वाटेचे वर्णन कागदावर लिहून घ्यावे. ग्रामीण भागात एकाच पोस्टकोडमध्ये तीन शेते आणि दोन वाड्या असतात. गाडीतला आवाज ‘आपण पोहोचला आहात’ म्हणतो तेव्हा समोर फक्त एक गाय असते. सांडपाण्यासाठी सेप्टिक टाकी असेल तर ओले टिश्यू, तेल आणि चहाचा चोथा काहीही आत सोडू नये.

शिशिरागम

सर्वांची माहिती उत्तम आहे. परंतु मला एक प्रामाणिक शंका आहे. पाचला अंधार, दूरदर्शन संच बहुधा लहान, फोनला रेंज नाही आणि घरात दोनच माणसे. संध्याकाळी पाच ते रात्री अकरा नवरा-बायकोने करायचे काय? आमच्या लग्नाला बरीच वर्षे झाली आहेत म्हणून विचारतो.

पुणे_३०

गाडी कोणत्या वळणावर चुकली यावर सहा तास सहज जातात.

लेस्टरचे_नाना

शिशिरागम, शंका रास्त आहे आणि मला वाटते, हीच या सहलीची खरी कसोटी आहे. मुलांच्या गडबडीत जोडप्याचे बोलणे हळूहळू सूचनांपुरते उरते: दूध आणलेस का, बिल भरले का, कोणाला कधी आणायचे. मुले घराबाहेर पडल्यावर त्या सूचनाही संपतात. आमच्याकडे पहिली संध्याकाळ अवघडच गेली, हे लपवत नाही. नंतर हिने पत्त्यांचा जोड काढला आणि आम्ही रमी खेळलो, तीही पैसे लावून. ती अजून माझ्याकडे येणे मागते. दुसऱ्या संध्याकाळी तिने लग्नाआधीच्या नोकरीतली एक गोष्ट सांगितली, जी मी कधीच ऐकलेली नव्हती. दिवसा चालून पाय थकलेले असले की नऊ वाजताच डोळे मिटतात, हेही खरे.

म्हणून दिवस भरगच्च आखू नये. एक सकाळची चाल, एक दुपारचे जेवण, बस्स. रविवारचे दुपारचे जेवण पबमध्ये घ्यायचे असेल तर ते आधी आरक्षित करावे. रविवारी संध्याकाळी कित्येक पबांची स्वयंपाकघरे बंद असतात.

घाटवाट

केंडलकर आणि ओक_आणि_वड यांचे मुद्दे वाचले. अंतराचे म्हणणे मी मान्य करतो, पण गाडीच नको असेल तर विंडरमियरला रेल्वे जाते आणि तिथून केझिकपर्यंत ५५५ क्रमांकाची बस ग्रासमियरवरून धावते, हे नोंदवून ठेवतो. ग्रासमियरचे डव्ह कॉटेज पाहण्याजोगे आहे. कवी वर्ड्सवर्थ आणि त्यांची बहीण डॉरोथी १७९९ मध्ये तिथे राहायला आले. त्याआधी तो पब होता. थंडी आत येऊ नये म्हणून डॉरोथीने एका खोलीच्या भिंतींना वर्तमानपत्रे चिकटवली होती. ज्यांना जुन्या कॉटेजचे आकर्षण आहे त्यांनी ती खोली जरूर पाहावी, म्हणजे आजच्या रेडिएटरची किंमत कळते.

केंडलकर

५५५ ची शिफारस योग्य आहे. वरच्या मजल्यावर, पुढच्या बाकावर बसावे. पण शनिवार-रविवारी रुळांची कामे काढलेली नाहीत ना, हे पाहूनच रेल्वेची तिकिटे घ्यावीत.

ओक_आणि_वड

वायच्या बाजूने आणखी दोन सूचना, कारण मागील प्रतिसादात त्या राहिल्या. फेझंट पक्ष्यांच्या शिकारीचा हंगाम १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी असतो. शनिवारी सकाळी रानात बंदुकांचे आवाज आले तर घाबरू नये, पण पिवळ्या बाणांची अधिकृत पायवाट सोडूही नये. डीनच्या जंगलाच्या बाजूला रानडुकरे मोकळी आहेत. ती सहसा माणसाच्या वाटेला जात नाहीत, मात्र रस्त्याच्या कडेचे गवत नांगरल्यासारखे उलटलेले दिसले तर तो त्यांचाच उद्योग समजावा. आणि वेल्समध्ये वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर सप्टेंबर २०२३ पासून वेगमर्यादा ताशी २० मैल आहे. पूल ओलांडल्यावर ते विसरणाऱ्यांना घरी पत्र येते.

तिखटजाळ

कोजागरीविषयी कोणीच बोलले नाही. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारासच उगवतो, म्हणजे त्या दिवशी पाचच्या आसपास. परंतु खोल दरीत असाल तर समोरच्या टेकडीवरून वर यायला त्याला बराच वेळ लागेल. त्यामुळे पूर्वेकडे मोकळे असलेले, थोडे उंचावरचे कॉटेज शोधावे. ओक_आणि_वड यांना आडोसा हवा आहे आणि चंद्राला मोकळीक हवी आहे, तेव्हा मुक्काम कडेवर आणि फिरणे दरीत, हा मध्यम मार्ग ठरेल.

वाटेत नोंदणीकृत शेतावर कच्चे दूध थेट विकत मिळाले तर ते अवश्य घ्यावे आणि नीट उकळावे. त्यावर जी साय येते ती दुकानातल्या दुधाला येत नाही. बदाम-पिस्त्याची पूड, केशर आणि जायफळ घरून न्यावे.

चहाबाज

घड्याळे त्याच पहाटे एक तास मागे जातात. लक्ष्मी ‘को जागर्ति’ विचारायला आपल्या जुन्या वेळेने येणार की नव्या, हे ठरवून ठेवावे, नाहीतर अकरालाच जागे राहून उपयोग नाही.

रानजाई

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल संध्याकाळी हा संपूर्ण धागा आम्ही दोघांनी एकत्र वाचला. केंडलकर यांचा एम ६ वरचा परिच्छेद मी मुद्दाम दोनदा मोठ्याने वाचला. लेक डिस्ट्रिक्ट पुढच्या मे महिन्यासाठी, आणि तेही निदान पाच रात्रींचे, असा तह झाला आहे. घाटवाट, यात आपल्या बाजूचा मान राखला आहे, असे यजमानांनी कळवायला सांगितले आहे.

आत्ता वायच्या दरीत, टिंटर्नच्या वरच्या अंगाला, एक कॉटेज पाहिले आहे. अंगण पूर्वेकडे उघडे आहे. मालकांना लाकडे, रेंज, सेप्टिक टाकी आणि धुराचा गजर शेगडीपासून किती लांब आहे, हे सगळे विचारले. शेवटच्या प्रश्नावर ते थोडे थांबले आणि मग म्हणाले की खिडकी उघडी ठेवून काहीही शिजवा. दिवाळी ८ नोव्हेंबरला असल्यामुळे परत आल्यावर फराळालाही पुरेसे दिवस मिळतात. आता एकच प्रश्न उरला आहे. सोमवारी सकाळी दहाला बाहेर पडायचे आहे आणि लगेच घरी जाण्याची इच्छा नाही. वाटेवरच, फार चढउतार नसलेले काही आहे का?

लेस्टरचे_नाना

श्रॉपशरचा पराभव मी खिलाडूपणे स्वीकारतो. सोमवारी चेपस्टोचा किल्ला पाहा, पुलाच्या अलीकडेच आहे. नॉर्मन लोकांनी तो १०६७ मध्ये, म्हणजे हेस्टिंग्जच्या लढाईनंतर लगेचच, नदीवरच्या कड्यावर बांधायला घेतला. त्याचे मूळ लाकडी दरवाजे आठशे वर्षांहून जुने आहेत आणि आत जपून ठेवले आहेत. ते चुकवू नका. चढ आहे, पण सौम्य आहे. गाडीतळ किल्ल्याच्या पायथ्याशीच आहे, तेव्हा सुट्टी नाणी जवळ ठेवा.

चहाबाज

आणि परतीच्या वाटेवर कॉट्सवोल्ड्स अगदी जवळ पडते, एवढेच सुचवतो.